रकाना

"उष्माघाताचा एकही बळी नाही":
चार कॉलम, पान एक, वर माझं नाव.
डॉक्टर प्रणोती नखातेंच्या पर्समध्ये
ते कात्रण वर्षभर घडी घालून होतं.
धंतोलीच्या सभागृहात, तर्रीपोह्याची प्लेट बाजूला सारून
त्यांनी ते माझ्यापुढे उलगडलं,
थकलेलं बिल ठेवावं तसं.

टेबलाच्या त्या अंगाला संशोधक, या अंगाला आम्ही पेपरवाले,
मध्ये पाण्याच्या बाटल्या, कोणी उघडत नव्हतं.
आयोजक म्हणत होते, ओळख करून घ्या.
ओळख होतीच.
मी मेल टाकला होता संध्याकाळी पाचला,
पान सुटणार होतं आठला,
उत्तर आलं अकराव्या दिवशी,
सोबत चौतीस पानं
आणि तळाशी, "संदर्भ सोडून वापरू नये".

अकराव्या दिवशी, मॅडम,
त्या पेपरात बर्डीवर आलूबोंडे बांधून झालेले असतात.

त्या हसल्या नाहीत.
"हे शून्य कुठून आणलं?"
महापालिकेच्या पत्रकातून.
"आणि पत्रकात कुठून आलं?"
ते काही मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला नोंदवहीपाशी घेऊन गेल्या.
नावांवर फूटपट्टी आडवी ठेवली, ती शेवटपर्यंत हलू दिली नाही.
मे महिन्याची पानं. मृत्यूचं कारण:
हृदयक्रिया बंद.
हृदयक्रिया बंद.
हृदयक्रिया बंद.
मास्तरांनी शिक्षा म्हणून लिहायला लावल्यासारखं, पानभर.

"हृदय चालू ठेवून कोणी मेलं का बाप्पा आजवर?"
तोंडून निघून गेलं.
तेव्हा त्या हसल्या.

मग मागल्या पाच वर्षांचे मे काढले, शेजारी हा मे.
"एकेकाला बोट लावून नाही सांगता येत
हा उन्हानं गेला, हा नाही.
पण ढीग वाढला, तो मोजता येतो."
म्हणजे उन्हानं मारलं, लिहू?
"नाही."
मग?
"उन्हाशी संबंध दिसतो, लिहा. अंदाजे, लिहा."
मथळ्यात मावत नाही.
"मग मथळा मोठा करा."

कँटीनचा चहा चारदा झाला.
त्यांनी चौतीस पानांची तीन वाक्यं केली,
प्रत्येक वेळी काहीतरी तुटल्यासारखा चेहरा करून.
मी वहीत लिहून घेतलं: कशातून किती?
हे आधी विचारायचं.

बातमी लागली पान पाचवर, दीड कॉलम,
वर कूलरची जाहिरात, बिनव्याजी हप्त्यांची.
रात्री अकरापर्यंत मी डेस्कशी भांडत होतो.
"अंदाजे" राहिलं,
माझं नाव गेलं.

जूनमध्ये सिव्हिल लाइन्सला बैठक झाली.
सावली नाही मिळाली, टँकर नाही,
दुपारची कामं बंद, तेही नाही.
फॉर्मवर एक रकाना वाढला:
"व्यक्ती कुठे आढळली, तिथलं तापमान".
डॉक्टरीणबाईंनी मला त्याचा फोटो पाठवला,
नातवाचा पाठवावा तसा.

आणि काल पारडीहून एका बाईंचा फोन.
पेपर जुना, कपाटात अंथरलेला, त्यात दिसली म्हणे बातमी.
"माह्या माणूस खोलीतच गेला, दुपारी निजला तो उठलाच नाही.
तुमच्या त्या आकड्यात धरला का त्याले?"
सांगता येत नाही, बाई.
"काहून? तुम्हीच त मोजले न?"

नखातेंनी दुसऱ्याच रिंगला उचलला.
काय सांगू तिला, विचारलं.
बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.
"पत्ता घेऊन ठेवा. दोघं जाऊ."
मग, थोडं थांबून:
"खोलीचं छत कशाचं होतं, विचारलंत?"

विचारलं नव्हतं.